ढोमण्यांचा मुढा

गजानन ढोमण्यांचं नाव निघालं की आमच्या जयपूरच्या ऑफिसात आजही लोकांचे चेहरे खुलतात आणि माझ्या पोटात दुखतं. ते बदली होऊन नागपूरला गेले, त्याला बरेच महिने झाले. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा मत्सरही त्याच्याबरोबर जावा, अशी माझी साधी अपेक्षा होती. पण मत्सराला बदलीची ऑर्डर लागू होत नाही. तो मागे राहिला आणि मलाच त्याच्याबरोबर डबा खात बसावं लागतं.

आधी माझं सांगते, म्हणजे दुखण्याचं मूळ कळेल. मी आपटे, मूळची सांगलीची. टोंक रोडच्या आतल्या अंगाला एका विमा कंपनीचं विभागीय ऑफिस आहे, तिथे मी सिस्टिम्सची अधिकारी. म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर, त्यांना जोडणाऱ्या केबल्स आणि त्या केबल्स जिथे येऊन मिळतात त्या स्विच नावाच्या पेट्या, ह्या सगळ्या संसाराची मालकीण. नवरा बँकेत आहे, त्याच्या बदलीबरोबर आम्ही राजस्थानात आलो आणि राजा पार्कात घर केलं. मी इथे रुजू झाले तेव्हा बाईच्या हातात क्रिंपिंगची पक्कड बघून लोकांना गंमत वाटायची. केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची ती पक्कड. "मैडम, किसी लड़के को बुला लें?" असं आदरानं विचारायचे. तो आदर मला कानफटात मारल्यासारखा लागायचा. मी परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं मिळवली, ओढणी कमरेला खोचून टेबलांखाली शिरले, जाळीजळमटं डोक्यावर घेतली. मग हळूहळू हॉलमधून हाक यायला लागली, "आपटे मैडम को बुलाओ." नेटवर्क बंद पडलंय, सगळे हवालदिल झालेत आणि तुमचं नाव घेतायत, ह्यात सुख नाही असं जी बाई म्हणेल ती खोटं बोलते. मला ती हाक बढतीपेक्षा प्यारी होती.

अशात ढोमणे आले. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. हुद्दा माझाच, कामही माझंच. ऑफिस मोठं झालंय, एकट्या बाईवर भार नको, अशा काळजीपोटी त्यांना पाठवण्यात आलं होतं. वयानं माझ्याहून थोरले, पण पहिल्या दिवसापासून मला "ताई". पोट जरा पुढे, पायात करकरणारे चामडी सँडल आणि बोलणं असं की सगळं गाव आपल्याच सोयरिकीतलं. कुटुंब म्हाताऱ्या आईपाशी आर्वीला ठेवून ते गोपालपुऱ्यात कोचिंगच्या मुलांच्या गर्दीत एक खोली घेऊन राहिले होते. त्या मुलांच्या वसतिगृहातलं वायफायसुद्धा संध्याकाळी हेच बघून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते आम्हाला ऐकवायचे.

आता तुम्हाला वाटेल, माणूस फार हुशार असणार. तेच तर! हुशार असता तर मी मनाची समजूत घातली असती. ढोमणे स्विचला डबा म्हणायचे, राउटरला डबा म्हणायचे, मोडेमलाही डबाच. "ताई, त्या डब्याचा लाइट गेला, ह्या डब्याचा आहे," हे त्यांचं निदान. पत्ते, क्रमांक काहीही पाठ नाही. कुठली केबल कुठे जाते ते कधी लिहून ठेवायचे नाहीत. इमारतभरच्या केबलींना जी लेबलं आहेत ती सगळी माझ्या अक्षरातली. त्यांच्या पिशवीत लेबलांचं बंडल असायचं तेही मीच लिहून दिलेलं. आणि बढाया? आर्वीला असताना त्यांनी एका शाखेचं सगळं नेटवर्क एका संध्याकाळी उभं केलं होतं. ही गोष्ट मी जितक्यांदा ऐकली तितक्यांदा ती शाखा मोठी होत गेली.

ती पिशवी मात्र सांगण्यासारखी होती. पांढऱ्या कापडावर लालभडक बुट्टे, तेही छपाईत सरकलेले. आमचा शिपाई बनवारी सांगानेरहून बसनं येतो. त्याचा भाऊ तिथे ठसे मारून कापड छापतो. वाया गेलेल्या कापडाची पिशवी शिवून बनवारीनं ती ढोमण्यांना आणून दिली होती, ते आल्यावर महिन्याभरातच. मी इतकी वर्षं त्या ऑफिसात आहे. मला बनवारीनं सरकलेल्या छपाईचा रुमालदेखील कधी दिला नव्हता. पिशवी हवी होती असं नाही. माझ्याकडे कप्प्याकप्प्यांची, कुलपाची काळी पेटी आहे. पण हवी होती.

आणि दुसरा तो मुढा, म्हणजे बसायचं बुटकं आसन. वेताचा, वर दोरीनं विणलेला, डमरूसारखा कमरेत बारीक. इकडे घरोघरी असतो. ढोमण्यांनी तो रस्त्याच्या कडेला घेतला आणि सरळ ऑफिसात आणला. कुठूनही तक्रार आली की खांद्याला बुट्ट्यांची पिशवी, हातात मुढा, अशी त्यांची स्वारी हॉलमधून निघायची. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग मे महिन्यात एकदा क्लेम्सच्या विभागातली एक रांगच्या रांग बंद पडली. तिथले सोनीजी म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने, जयपूरचे, कपाळाला गंध, शब्द तोलून बोलणार. मी माझी पेटी घेऊन आधी स्विच गाठला, कारण शिकवलेलं तसंच आहे, मुळापासून टोकाकडे. एकेक केबल टेस्टरला लावत बसले. ढोमणे आले, त्यांनी सोनीजींच्या टेबलाशी मुढा टेकवला, त्यावर बसले आणि बनवारीला चहा सांगितला.

"सोनीजी, कल से आज तक इधर क्या हिला?"

"कुछ नहीं, साब. सब जैसा था वैसा है."

हेच उत्तर त्यांनी मला दिलं होतं. मला तेवढं पुरलं होतं, मी पुढे गेले होते. ढोमणे गेले नाहीत. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली. सोनीजींच्या गुडघ्याची चौकशी केली, मग त्यांच्या मुलाच्या. मग नुसतेच बसले. बशी संपली, पुन्हा भरली. मला लांबून त्या आळशीपणाचा संताप येत होता.

"वैसे..." सोनीजी म्हणाले, "वो कूलर का पानी फाइलों पे उड़ता था. तो टेबल जरा सा सरकाया था. जरा सा ही."

त्या जरा सरकवलेल्या टेबलाचा लोखंडी पाय बरोबर रांगेच्या मुख्य केबलवर उभा होता. ढोमण्यांनी टेबल उचलून धरायला लावलं, चेपलेला तुकडा कापला, नवा प्लग बसवला आणि उरलेला चहा प्यायले. मी अजून स्विचपाशीच होते. माझ्या टेस्टरनं पुढच्या दहापाच मिनिटांत तीच केबल दाखवली असती, हे मी तिथे असलेल्या प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

"उभ्या माणसाले कोणी खरं नाही सांगत, ताई," ढोमणे मला नंतर म्हणाले. "उभा माणूस म्हंजे इन्स्पेक्टर. बसला का पाहुणा. आन् पहिलं उत्तर तर घ्याचंच नाही. पहिल्यांदा सारेच 'काही नाही' म्हणतेत. भेतेत बिचारे. आपण फक्त जाचं नाही."

मी म्हटलं, "ढोमणे, आपण नेटवर्कची माणसं आहोत, पोलीस नाही."

"हाव नं," ते म्हणाले, "म्हणूनच तं."

त्यानंतर हॉलमधली हाक बदलली. एकदम नाही. आधी "आपटे मैडम को बुलाओ, या ढोमणेजी को." मग "ढोमणेजी को बुलाओ, नहीं तो मैडम को." मी त्या 'नहीं तो'पर्यंत खाली आले त्या दिवशी घरी जाऊन विनाकारण भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

घरीही सुटका नव्हती. मराठी माणूस, एकटा राहतो, म्हणून नवऱ्यानंच त्यांना एकदा जेवायला बोलावलं. ढोमण्यांनी आमच्या ओट्याचा ताबा घेऊन गोळाभात केला, वरून चरचरीत फोडणी. माझा नवरा बँकेतून आल्यावर पेपरात डोकं घालून बसणारा. तो त्यांच्या आर्वीच्या गोष्टींवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आणि आमची इरा! जयपूरलाच वाढलेली. मराठीत बोल म्हटलं की "आई, मतलब, मला नाही येत ना," करून हिंदीत घसरणारी. ती ढोमण्यांशी तासभर मराठीत बोलत होती, तेही वऱ्हाडीत! दुसऱ्या दिवशी मला विचारते, "आई, तू काऊन रागावून राहिली?" मी इतकी वर्षं शुद्ध सांगलीची मराठी ताटात वाढली ती हिनं बाजूला सारली, आणि ढोमण्यांकडची एका बैठकीत उचलली.

पण ज्या दिवसाची आठवण आली की अजूनही अंगाचा तिळपापड होतो तो दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याची सुट्टी असते, नवमीला ऑफिस चालू होतं. ढोमण्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर टेबल मांडलं, त्यावर लाल कापड, झेंडूच्या माळा, आणि आपली हत्यारं ओळीनं ठेवली. दिव्यांचा साधा टेस्टर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि एक पिवळी केबल. ती त्यांची खात्रीची केबल. संशय आला की जुनी काढून ही लावायची, चाललं तर दोष केबलचा, नाही तर पुढे. त्यांच्या तपासाची निम्मी विद्या ह्या एका केबलीत होती. टेबलाच्या पायाशी मुढा, त्यालाही हळदकुंकू.

"ताई, तुमचंही द्या नं," ते म्हणाले.

एखादी शहाणी बाई एक पक्कड देऊन मोकळी झाली असती. पण माझी हत्यारं त्यांच्यापेक्षा जास्त होती, चकचकीत होती, आणि ती सगळ्या ऑफिसनं एकदा ओळीनं पाहावीत अशी माझी फार इच्छा होती. मी पेटी रिकामी केली. माझा टेस्टर, मल्टिमीटर, भिंतीआडची केबल आवाजावरून शोधून देणारा ट्रेसर, वर तपासणीचा लॅपटॉपसुद्धा. लॅपटॉपवर स्वस्तिक काढलं. लोक आले, हात जोडले, बनवारीनं पेढे वाटले. एकदा पूजेला लावलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे आमच्या सांगलीला तसंच त्यांच्या आर्वीला. इथल्या लोकांनाही ते सांगावं लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी सगळं ऑफिस बंद पडलं.

माथुर साहेब, आमचे विभागीय प्रमुख, स्वतः जिना उतरून खाली आले. वरिष्ठांबरोबरची त्यांची व्हिडिओवरची बैठक अर्ध्यात तुटली होती. "आपटेजी, ढोमणेजी, क्या हो रहा है?" मी मुख्य स्विच पाहिला. सगळे लाइट एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. मी तिथल्या तिथे सांगितलं, लूप आहे. एकाच केबलची दोन्ही टोकं कुणी एकाच पेटीत खुपसली की निरोप आतल्या आत गोल फिरत राहतात, त्यांची गर्दी वाढत जाते आणि बाकी कुणाला वाट मिळत नाही. हे ओळखायला मला कुठलंही हत्यार लागलं नाही. मग मी हातानंच एकेका मजल्याची केबल काढून पाहिली. वरच्या मजल्याची काढली आणि लाइट शांत झाले, बाकीचं ऑफिस सुरू झालं. माथुर साहेबांची केबिन अर्थातच वरच्या मजल्यावर. म्हणजे दुखणं काय ते मी सांगितलं, कुठल्या अंगात आहे तेही मीच सांगितलं. हे मी मुद्दाम नीट लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्याचं काय झालं ते बघा.

वरच्या मजल्यावर टेबलांखाली, कपाटांमागे छोट्या पेट्या पुष्कळ. मी गेले आणि ढोमण्यांचे शब्द जसेच्या तसे वापरले. "कल से आज तक यहाँ क्या हिला?"

"कुछ नहीं, मैडम," सगळे म्हणाले. बनवारी हातात पेढ्यांचं रिकामं ताट घेऊन उभा होता, तोही म्हणाला.

मी थांबूनही पाहिलं. खरंच थांबले. पण थांबताना माझी नजर घड्याळाकडे गेली असावी, कारण सगळे आणखीच ताठ उभे राहिले. मग माझा धीर सुटला. ट्रेसर घेऊन आले तर काम होईल, म्हणून मी खाली पळाले. टेबलापाशी सोनीजी उभे होते. मी झेंडूच्या माळेखाली हात घातला आणि सोनीजींनी दोन्ही हात जोडले.

"मैडम, आज नहीं उठाते."

"सोनीजी, साहब ऊपर बैठे हैं."

"साहब से भी बड़ा कोई बैठा है, मैडम," ते अगदी हळू म्हणाले.

माझी आई तिथे असती तर तिनंही तेच म्हटलं असतं. मी हात मागे घेतला. जीव जळत होता, पण घेतला.

वर आले तर ढोमणे रेकॉर्डच्या खोलीत भिंतीला टेकून चक्क फरशीवर बसले होते, मुढा पूजेत होता ना! शेजारी बनवारी उकिडवा. दोघांच्या मध्ये पेढ्यांचं ताट, आणि बनवारीच्या हातात केबलचं एक टोक. पेढे वाटून झाल्यावर त्यानं नवमीसाठी सगळी खोली झाडली होती. कपाटामागे केबलचं एक टोक लोंबत होतं. "लटक रहा था साब, त्योहार पे अच्छा नहीं लगता," म्हणून त्यानं ते शेजारच्या पेटीतल्या रिकाम्या भोकात नीट खोचून दिलं होतं. ते त्याच पेटीतून निघालेलं होतं. बाहेर काढायला लागली फक्त दोन बोटं.

"वाह, ढोमणेजी!" माथुर साहेब दारातून म्हणाले.

ढोमणे फरशीवरून उठत म्हणाले, "नहीं साब, हमने कुछ नहीं किया. सब मैडम ने पकड़ा. हम तो बैठे थे."

ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि त्या मजल्यावरच्या एकाही माणसानं तो खरा मानला नाही. "कितने बड़े दिल के आदमी हैं," असं सगळे म्हणत राहिले. माझं श्रेय त्यांनी सगळ्यांसमोर मला दिलं आणि त्या देण्याचंही श्रेय त्यांनाच मिळालं. ह्याच्यापेक्षा त्यांनी ते सरळ लाटलं असतं तर मी भांडू तरी शकले असते.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं. प्रत्येक शाखेला नेटवर्कच्या प्राथमिक तपासणीसाठी एक पिशवी द्यायची, तिच्यात काय काय असावं ते विभागीय ऑफिसनं ठरवायचं. माथुर साहेबांनी आम्हा दोघांकडून वेगवेगळ्या याद्या मागितल्या. मला वाटलं, आता न्याय होईल. कागद बशीतून चहा पीत नाही. मी आठवडाभर खपून यादी केली. प्रत्येक वस्तू का, केव्हा, कशी वापरायची, सगळं. ट्रेसर होता, मल्टिमीटर होता, तपासणीच्या सॉफ्टवेअरसकट लॅपटॉप होता. ढोमण्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं: दिव्यांचा टेस्टर, पक्कड आणि प्लग, एक खात्रीची केबल, टॉर्च, लेबलं. आणि शेवटी, मुढा.

माथुर साहेबांनी माझी यादी शेवटपर्यंत वाचली. "आपटेजी, बहुत बढ़िया. सच में. इतनी मेहनत कोई नहीं करता." मग ती कडेला ठेवली. "ढोमणेजी वाली भेज दीजिए. शाखाओं में इतना ही कोई चला पाएगा."

फक्त मुढ्यावर त्यांनी लाल रेघ मारली. मुढ्याची तरतूद नव्हती. त्या रेघेनं मला जितका आनंद झाला तितका गेल्या काही वर्षांत कशानंच झाला नव्हता. मी ती यादी स्वतः टाइप केली.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची बदली आली, नागपूरला. आईजवळ जाता येणार म्हणून ते लहान पोरासारखे खूश. ऑफिस मात्र सुतकात. मी पेढे खाल्ले आणि तोंडभर शुभेच्छा दिल्या. मनापासून दिल्या, कारण आता ती हाक पुन्हा माझी होणार होती.

त्यांचा शेवटचा दिवस मी माझ्या केबिनच्या काचेतून पाहिला. निरोपसमारंभ उरकला होता, गळ्यातला हार काढून त्यांनी बुट्ट्यांच्या पिशवीत कोंबला होता. मग हातात मुढा घेऊन ते निघाले. एकेका टेबलापाशी मुढा टेकवायचा, बसायचं, वाकून काहीतरी हळू बोलायचं. काचेमुळे ऐकू काही येत नव्हतं. पण दिसत होतं. ते बोलायचे आणि समोरचा माणूस मान वळवून माझ्या केबिनकडे बघायचा. सोनीजींनी बघितलं. बनवारीनं बघितलं. काही हसले, सगळ्यांनी माना हलवल्या. मुढा पुढच्या टेबलाकडे. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. जाता जातासुद्धा ह्या माणसाला माझी टिंगल केल्याशिवाय राहवत नव्हतं! शेवटी ते माझ्याकडे आले, "येतो ताई, इराले सांगा," म्हणाले आणि करकरत निघून गेले. मुढा त्यांनी सोनीजींच्या टेबलाशी ठेवला होता. मला तो हवा होता. पण मागितला नसता मी, मेले असते तरी.

पुढच्याच आठवड्यात क्लेम्सची मशिन्स बंद पडली आणि हॉलमधून हाक आली, "आपटे मैडम को बुलाओ." 'नहीं तो' नाही, काही नाही. मी पेटी उचलून गेले. सोनीजींनी पायानं मुढा माझ्याकडे सरकवला. "बैठिए, मैडम." मी नको म्हणणार होते, पण बसले. आणि मी तोंड उघडायच्या आधी ते म्हणाले, "मैडम, कल पंखा साफ करने के लिए हमने ये वाला प्लग निकाला था. शायद उलटी जगह लग गया."

मला आकाश ठेंगणं झालं. मग ते तसंच होत राहिलं. मी जायचे, मुढा पुढे यायचा आणि लोक आपण होऊन सांगायचे, हे हललं मैडम, ते आम्ही काढलं होतं मैडम. बनवारीनं एकदा तर जिन्यात गाठून सांगितलं की त्याच्या झाडूनं एक केबल ओढली गेलीय. अजून काही बंद पडलंही नव्हतं! मी घरी नवऱ्याला म्हटलं, बघ, लोकांना शेवटी खरं ज्ञान कुठे आहे ते कळतं. ढोमणे होते तोवर त्यांनी मला मोकळं होऊच दिलं नाही. मी बरी हसतमुख झाले होते त्या दिवसांत. इरासुद्धा म्हणाली.

परवा सोनीजींच्या टेबलाशी काम उरकलं आणि मी जरा कौतुकानंच म्हटलं, "सोनीजी, आजकल आप लोग सब कुछ पहले ही बता देते हैं. अच्छा लगता है."

सोनीजी साधा माणूस. शब्द तोलतात, पण खोटा शब्द तराजूत टाकत नाहीत. "वो तो मैडम, ढोमणेजी बोल के गए थे ना. सबको बोल के गए."

"क्या बोल के गए?"

"बोले, मैडम जितना कोई नहीं जानता. बस, मैडम को पूछना नहीं आता. तो तुम लोग पूछने से पहले ही बता दिया करो."

मी केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. म्हणजे तेव्हा काचेपलीकडे हे चाललं होतं. हॉलमधली ती हाक, तो पुढे सरकणारा मुढा, बनवारीचं जिन्यात गाठणं, जे जे मी स्वतः कमावलं म्हणून मिरवत होते ते सगळं हा माणूस जाता जाता टेबलाटेबलावर मांडून गेला होता. आणि वर "पूछना नहीं आता"! मला! मी फोन उचलला आणि नागपूरला लावला. कडक भांडायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्यही तयार होतं.

"हां, ताई!" तिकडून तोच आवाज, जसा काही शेजारच्या टेबलावरून. "बोला नं. काय हललं?"

ते तयार वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक.

"काही नाही," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी फोन ठेवला नाही. मग बशीत चहा ओतल्याचा आवाज आला आणि त्यावर एक लांब, निवांत फुंकर.